घरातल्या कॅसेटी, रेकॉर्डी, सीड्या कॉम्प्युटरवर घेतल्या का? अनुभव सांगा

पिंप्राळा, जळगाव
मीच सुरुवात करतो. वडलांच्या कपाटात १८० कॅसेटी निघाल्या. मी सिनेमाच्या गाण्यांपासून सुरू केलं आणि दोन महिने त्यातच घातले, ती गाणी तर आज कुठंही मिळतात. खरी चीज तळाशी होती, १९८९ च्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मोठी माय झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणत होती ती मामाने टेपवर भरून घेतलेली, ९० मिनिटांची. तिच्यापर्यंत पोचलो तोवर डेकचा बेल्ट वितळून काळा डांबरासारखा झाला होता. म्हणून कळकळीने सांगतो, घरी भरलेलं आधी घ्या, बाजारातलं नंतर.

बेल्ट नवा टाकला, हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, तरी आवाज गोधडीखालून आल्यासारखा. मग एका जुन्या रेडिओ मेकॅनिक काकांनी दाखवलं की हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला बारीक स्क्रू असतो, कॅसेट चालू ठेवून तो केसभर फिरवायचा, 'स' आणि 'श' लख्ख ऐकू आले की थांबायचं. ज्या टेपवर भरलं त्याचं हेड थोडं तिरकं असेल तर आपलंही तेवढंच तिरकं लागतं, त्यामुळे घरच्या प्रत्येक कॅसेटला हे बघावं लागतं. डेकच्या लाइन आउटमधून यूएसबी साउंड कार्ड, तिथून लॅपटॉपला, तिथे ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट घातलं तर आवाज फाटतो. आवाजाची लेव्हल -६ डेसिबलच्या वर जाऊ दिली नाही. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटला ९० मिनिटांची वेव्ह फाइल साधारण ९५० एमबी होते, फ्लॅक (फाइल दाबून लहान करणारा प्रकार) केली की निम्म्याच्या आसपास येते आणि आवाजातलं काहीच जात नाही. वेळ मात्र वाचत नाही, ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटं बसावंच लागतं. मधेच मोठी माय म्हणते, "थांब वं माय, पानी पिऊ दे." तिथे मी रेकॉर्डिंग तसंच सोडून अंगणात जाऊन बसलो.

चोपडा
दादा, ते पाणी पिणं कापू नका. मी आमच्या कानबाईच्या (खानदेशातल्या देवीच्या सणाच्या) रात्रीची कॅसेट साफ करायला गेले, नॉइज रिडक्शन (खरखर कमी करायची सोय) दोनदा मारलं, आवाज पाण्याच्या टाकीत बसून गायल्यासारखा झाला आणि मागचा बांगड्यांचा आवाज, रोट भाजणाऱ्या बायकांचं बोलणं सगळं गेलं. मूळ फाइल ठेवलीच नव्हती. परत भरायला गेले तर फीत रोलरमध्ये गुंतली, मधली ४ मिनिटं कायमची गेली. आता मूळ फाइलला हात लावत नाही, जे करायचं ते कॉपीवर.

भुसावळ, रेल्वे कॉलनी
माझ्याकडे सासऱ्यांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) रेकॉर्डी आहेत. एलपीची सुई त्यांना चालत नाही, ७८ ची खाच रुंद असते, बारीक सुई तळाशी घासत जाते आणि नुसता खरखराट येतो. जाड सुई वेगळी घ्यावी लागली. आणि कृपा करून त्या रेकॉर्डी अल्कोहोलने पुसू नका, त्या लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. माझी एक गेली अशी.

साक्री
कॅसेटीपेक्षा मला घरी राइट केलेल्या सीडींनी रडवलं. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या, आपल्याकडचा मे महिना सांगायला नको. विकतच्या सीडी २५ वर्षांनीही व्यवस्थित वाचल्या गेल्या, राइट केलेल्यांमधल्या निम्म्या अडकल्या, कारण त्यात रंगाचा थर असतो, ऊन आणि उष्णतेने तो उतरतो. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर एकेक तुकडा पुन्हा पुन्हा वाचून बघतं, रात्रभर लावून ठेवलं तर काही निघाल्या. ज्यांच्याकडे असतील त्यांनी पावसाळ्याची वाट बघू नका.

शिरपूर
लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो पण डेक थांबतो, गाणं घरंगळत खाली जातं आणि पुढे अर्धा तास शांतताच रेकॉर्ड होते. मी आता इन्व्हर्टरवर डेक लावलाय.

नंदुरबार
फाइलला ट्रॅक०१, ट्रॅक०२ ठेवू नका. कोण गातंय, कुणाच्या घरी, कोणत्या सणाला, हे टॅगमध्ये (फाइलसोबत जपल्या जाणाऱ्या माहितीत) देवनागरीत लिहा. माझ्या गाडीतल्या प्लेअरला देवनागरी दिसत नाही, चौकोन येतात, पण कॉम्प्युटरवर नीट दिसतं. आत्याला शेजारी बसवून लिहून घेतलं, चार आवाज फक्त तीच ओळखू शकली.

अमळनेर
एक विचारायचं होतं. आईच्या आवाजातल्या बहिणाबाईंच्या ओव्या आहेत, पण कॅसेटमधला तो छोटा स्पंजाचा तुकडा गळून पडलाय, आवाज येतो-जातो. काय करू?

पिंप्राळा, जळगाव
ताई, वाजवू नका आता. कॅसेटला पाच स्क्रू असतील तर तसल्याच दुसऱ्या चांगल्या कॅसेटचा सांगाडा उघडा आणि दोन्ही चकत्या फितीसकट त्यात ठेवा, फितीला बोट लावू नका. स्क्रू नसतील तर चिकटवलेली आहे, कडेने ब्लेडने हळूहळू उकलावी लागते. जमत नसेल तर रविवारी जळगावला घेऊन या, डेक चालू आहे, आपण दोघं मिळून करू.