मदत हवी आहे: पाडीला लम्पी, दूध ओढत नाही

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमचा चार जनावरांचा गोठा आहे. जर्सी संकर गायीची साडेतीन महिन्यांची पाडी सहा दिवस आजारी आहे. आधी १०५ पर्यंत ताप, मग मानेवर, पाठीवर सुपारीएवढ्या गाठी आणि पुढच्या पायाला सूज. डॉक्टर लम्पीच म्हणाले. गायींना लस दिली होती, पण चार महिन्यांखालच्या वासरांना देत नाहीत, म्हणून ही राहिली. पंधरा दिवसांनी हुकलं, काय बोलणार!

विषाणूवर औषध नाही, अँटिबायोटिक फक्त जखमा चिघळू नयेत म्हणून, हे कळलंय. ताप आता उतरलाय. पण तोंडात फोड असावेत. आचळ तोंडात धरते, दोनदा ओढते आणि सोडून देते. लाळेची तार खाली लोंबत राहते. मग आईचंच दूध काढून कोमट करून बाटलीने पाजतोय. काल ठसका लागला तेव्हा घाबरगुंडी उडाली.

मांगरात वेगळी बांधली आहे, संध्याकाळी निरगुडीचा धूर करतो. तरी या पावसात गोमाशा हटत नाहीत, आणि पाठीवरची एक गाठ फुटून खड्डा पडलाय. शेजारचे काका तापल्या लोखंडाने डाग द्या म्हणतात, ते मी करणार नाही.

एवढ्या लहान वासराचं लम्पी कोणी निभावलंय का? दूध कसं पाजलंत, दिवसातून किती वेळा? जखमेत किडे पडू नयेत म्हणून काय लावलंत? पुढच्या पायाची सूज किती दिवसांनी उतरली? डॉक्टर परवा परत येतील, तोवर अनुभव सांगा.