शब्दचर्चा : 'हर्ब इन्फ्यूज्ड व्होडका'ला मराठीत काय म्हणावं?

टिळकवाडीकर : भावाच्या लग्नाआधी घरीच चार मित्रांना बोलावलंय. साध्या व्होडकात पुदिना, सब्जाची पानं, गवती चहा घालून ठेवायचं आणि त्याचीच कॉकटेल करायची, असा बेत आहे. टेबलावरचं कार्ड मराठीत लिहितोय. फोनला विचारलं तर 'औषधी वनस्पतींनी ओतप्रोत व्होडका' असं आलं. हे वाचून पाहुणे गुळण्या करून थुंकतील. 'हर्ब', 'इन्फ्यूज', 'मडल' (पान दाबून वास सोडवणं), 'शेक' यांना तुम्ही काय म्हणता?

खानापूरकर : 'हर्ब'ला आपल्याकडे एक शब्द नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही. मंडईत कोण 'हर्ब' मागतंय? कोथिंबीर मागतात, पुदिना मागतात. 'औषधी वनस्पती' वैद्याच्या दुकानात शोभते, 'जडीबुटी' हिंदीतून आली. सरळ पानाचं नाव लिही भावा : 'सब्जाची व्होडका', 'गवती चहाची व्होडका'. फक्त बेळगावात नाव गल्लीगणिक बदलतं. सब्जाचं रोप कन्नड बोलणारी भाजीवाली 'कामकस्तुरी' म्हणून देईल, पानओवा 'दोड्डपत्रे' म्हणून. गवती चहाला 'मज्जिगे हुल्लु', म्हणजे शब्दशः ताकाचं गवत. आणि वृंदावनातल्या तुळशीला हात लावू नकोस, आजी असेल घरात.

निपाणीची आक्का : 'इन्फ्यूज'साठी 'मुरवणे'. लोणचं मुरतं, मोरावळा मुरतो, तशी व्होडका मुरवायची. रशियन लोक अशा दारूला 'नास्तोयका' म्हणतात. त्यामागचं क्रियापद म्हणजे ठेवून देणे, मुरत ठेवणे. म्हणजे त्यांनाही हेच सुचलं.

शहापूरचा विद्यार्थी : आक्का, आयुर्वेदात तयार शब्द आहेत की. गरम पाण्यात भिजवलं तर फांट, थंड पाण्यात रात्रभर ठेवलं तर हिम, उकळून आटवलं तर क्वाथ. किंवा सरळ 'आसव' म्हणूया.

निपाणीची आक्का : आसव नको रे बाळा. आसव-अरिष्ट आंबवून होतात, त्यातली दारू त्यातच तयार होते. इथे दारू आधीपासून तयार आहे, पान नंतर पडतंय. 'हिम' कृतीला जवळचा आहे, पण तो पाण्यातला. आणि कार्डावर 'पुदिना हिम' लिहिलंस तर लोक आइसक्रीम समजतील. 'अर्क'सुद्धा नको. अर्क म्हणजे वाफेवर उतरवलेला. तो शब्द अरबी 'अरक'वरून आला, मूळ अर्थ घाम. इंग्रजीतला 'अरॅक', म्हणजे देशी दारू, त्याचाच भाऊ. आपल्याकडे त्याला 'सारायी' म्हणायचे, २००७ मध्ये कर्नाटकात बंद झाली ती. लग्नघरात ती आठवण कशाला?

खानापूरकर : पण आक्का, मुरायला वेळ लागतो. लोणचं महिना घेतं. पुदिना दुसऱ्या दिवशी काढला नाही तर पानं काळी पडतात, दारू कडवट होते. मद्यार्क चव फार झटकन ओढतो. मी ७५० मिलीच्या बाटलीला मूठभर सब्जाची पानं घालतो. पानं धुऊन पार कोरडी करायची, काचेच्या बरणीत घालायची. बारा तासांनी चाखायची आणि वास बसला की लगेच गाळायची. गवती चहाच्या तीन-चार काड्या मात्र दोन-तीन दिवस चालतात. म्हणून पुदिन्याला 'मुरवणे' जड वाटतं. 'भिजत घातलेली' बरं. नाहीतर 'वास उतरवलेली'.

टिळकवाडीकर : 'उतरलेली व्होडका' लिहिलं तर मित्र विचारतील, चढणार कधी?

निपाणीची आक्का : मग 'मुरवलेली'च ठेव. वेळ कमी-जास्त लागेना का, पान आत राहून चव सोडतं, ते त्या शब्दात आलं. आणि सगळीकडे स्त्रीलिंगीच : मुरवलेली व्होडका, मुरवलेला नव्हे. रम, व्हिस्की, जिन, सगळ्या 'दारू'च्या मागे गेल्या. कॉकटेल तेवढं नपुंसकलिंगी.

शहापूरचा विद्यार्थी : कॉकटेलवरून आठवलं. १८०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या वृत्तपत्रात त्याची व्याख्या छापली होती : कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. बिटर्स म्हणजे कडू मुळ्या, साली, पाला मुरवलेला मद्यार्क. म्हणजे पाला पहिल्यापासून होताच. पोलंडची झुब्रोव्का व्होडका तर गवताच्याच वासाची, प्रत्येक बाटलीत एक पातं दिसतं. आपला गवती चहा काय वाईट?

खानापूरकर : आता 'मडल'. 'ठेचणे' लिहू नकोस. ठेचा मिरचीचा, खलबत्त्यात. पुदिना ठेचला की देठाचा हिरवा कडवटपणा उतरतो. पान तळहातावर जरा दाबून चुरगाळायचं, वास सुटला की बास. 'चुरगाळणे' नेमका. 'स्टर' म्हणजे ढवळणे, त्यात वाद नाही. 'शेक'ला आमच्याकडे 'हिंदकळवणे'. बर्फासकट झाकण लावून, डबा हाताला गार लागेपर्यंत.

शहापूरचा विद्यार्थी : आणि बारीक गाळलेलं असेल तर 'वस्त्रगाळ'?

निपाणीची आक्का : वस्त्रगाळ चूर्ण असतं. पातळ पदार्थ फडक्यातून गाळायचा. आणखी एक, 'शुगर सिरप'ला 'पाक' लिहिणार असशील तर तार धरू देऊ नकोस. साखर आणि पाणी समसमान, साखर विरघळली की उतरव. एकतारी झाला तर बर्फावर ग्लासाच्या तळाशी चिकटून बसेल. 'साखरेचं पाणी' लिहिलंस तर कुणाचा गैरसमज होणार नाही.

टिळकवाडीकर : कार्ड झालं : 'गवती चहा मुरवलेली व्होडका ६० मिली, लिंबाचा रस २० मिली, साखरेचं पाणी १५ मिली. बर्फासह हिंदकळवून, गाळून. वरून सोडा, चुरगाळलेलं पुदिन्याचं पान.' दुसऱ्या कॉकटेलमध्ये लिंबाऐवजी आमसुलाचं आगळ.

खानापूरकर : आगळात मीठ असतं, साखर चाखून घाल. आणि सोडा हिंदकळवल्यानंतरच. आधी ओतलास तर झाकण छताला, पुदिना नवरदेवाच्या शर्टावर.