मदत हवी आहे : ग्रीसमधल्या आमोर्गोस बेटाच्या जुन्या पायवाटेवर पाणी मिळतं का? (आजच उत्तर हवंय)

कातळवाट
उद्या संध्याकाळी पिरेयसहून (अथेन्सचं बंदर) बोट आहे. होरा गावातून मठावरून एगियालीला जाणारी जुनी पायवाट करायची आहे. वाटेत पाणी मिळतं का, एवढंच सांगा. दोन तास शोधतोय, सगळीकडे निळ्या समुद्राचे फोटो, पाण्याबद्दल कुणी लिहीत नाही.

दर्यावर्दी
किती जण आहात? किती वाजता निघणार? मुक्काम कुठे? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

घारुअण्णा
त्यापेक्षा सांतोरिनीला जा. आम्ही चार दिवस होतो, सूर्यास्त तर डोळ्यांत साठवावा असा. आमोर्गोसवर विमानतळसुद्धा नाही.

कातळवाट
अण्णा, तिकीट काढून झालंय. दोघं आहोत. नाश्ता करून निघू, साधारण दहाला.

सड्यावरची
दहाला अजिबात निघू नका! मी मे महिन्यात ही वाट केली आहे. चार-पाच तास लागतात. होरापासून मठ अर्ध्या तासावर, पण मठ सोडला की पोतामोस गाव येईपर्यंत पाण्याचा भरवसा धरू नका. मध्ये आस्फोंदिलितिस ही ओसाड वस्ती लागते, तिथल्या दगडांवर कोरलेली माणसं नक्की बघा. सावली म्हणाल तर गडग्याची, तीही सकाळची. माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि सहाला चालायला लागा. आपल्या कोकणातल्या सड्यावर एप्रिलच्या दुपारी चाललात ना, तस्संच. पायाखाली ओव्यासारखा वास येणारी खुरटी झुडपं आणि शेळ्यांच्या घंटा, बाकी काही नाही. मला ती वाट अजून स्वप्नात दिसते.

वेगवान
जुलैत कशाला चालायचं? स्कूटर भाड्याने घ्या, एका दिवसात अख्खं बेट होतं.

दर्यावर्दी
वेगवान, नुसत्या भारतीय लायसन्सवर स्कूटर घेऊ नये. आंतरराष्ट्रीय परवाना लागतो आणि तो निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढावा लागतो. अपघात झाला तर विमा हात वर करतो.

वेगवान
मला दुसऱ्या बेटावर कुणी विचारलं नव्हतं.

दर्यावर्दी
विचारलं नाही म्हणजे नियम नाही असं होत नाही. शिवाय मेल्तेमी, म्हणजे तिथला उन्हाळ्यातला जोरदार उत्तरेचा वारा, सुटला की त्या घाटातल्या वळणांवर स्कूटर आडवी होते.

कातळवाट
स्कूटरचं मी विचारलेलंच नाही. दोघं म्हणजे मी आणि आई. वय ६७, पण गेल्या वर्षी राजगड चढली आहे. मुक्काम कातापोलाला. बोट रात्री एकनंतर पोचते.

सड्यावरची
आई बरोबर आहेत हे आधी सांगायचं ना! आणि तिकिटावर बंदर कोणतं आहे?

कातळवाट
एगियाली. का?

सड्यावरची
अहो, आमोर्गोसला दोन बंदरं आहेत! कातापोला आणि एगियाली एकमेकांपासून लांब, मध्ये वीसेक किलोमीटर डोंगरातला रस्ता. रात्री एकला बस कुठून मिळणार? पाण्याचं राहू द्या, आधी तिकीट खिडकीवर जा. तुमची बोट कातापोलालाही थांबते का विचारा. नाही थांबली तर खोलीच्या मालकाला फोन करून टॅक्सी सांगून ठेवा.

पिठलंभाकरी
शाकाहारी असाल तर काळजी नको. तिथे फावा म्हणून पिवळ्या डाळीचं घट्ट वरण मिळतं, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. भाताशिवाय पोट भरतं. मठात पाहुण्यांना मध-मसाला घातलेली राकी देतात, ती मात्र दारू आहे हे आईंना आधी सांगा.

घारुअण्णा
फावाला आपल्या वरणाची सर नाही. हिंग-जिऱ्याची फोडणी नाही तर वरण कसलं?

पिठलंभाकरी
अण्णा, फोडणी नसते म्हणून तर डाळीची खरी चव कळते. दोन्ही खाऊन बघा, मग बोलू.

कातळवाट
खिडकीवर जाऊन आलो. बोट दोन्हीकडे थांबते, तिकीट कातापोलाचं करून दिलं. सड्यावरची, तुम्ही विचारलं नसतं तर आईला घेऊन मध्यरात्री धक्क्यावर उभा राहिलो असतो. मनापासून आभार. आता आई मठापर्यंतच येईल, तिथून बसने परत. पुढची वाट मी एकटा, सहाला निघून. मठात तिला साडी चालेल का?

सड्यावरची
चालायला हरकत नाही. बायकांनी पँट घालून आलेलं चालत नाही, पाय झाकणारा घोळदार कपडा हवा. तुम्हालाही फुलपँट लागेल, हाफपँटवर सोडत नाहीत. मठ दुपारी बंद असतो, म्हणून सकाळीच गाठा. शेवटी तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आईंना मध्ये दोनदा बसवा. दार इतकं बुटकं आहे की वाकूनच आत जावं लागतं. आणि पदर घट्ट खोचायला सांगा. कड्याला चिकटलेला मठ आहे, खाली सरळ समुद्र, त्या शेवटच्या वळणावर वारा माणसाला ढकलतो.