पुतणीला पायलट व्हायचंय, पैशाचं गणित कसं बसवावं?

नमस्कार मंडळी. पुतणी लातूरला बारावीला आहे, फिजिक्स-मॅथ्स घेऊन. वर्गातले बहुतेक नीटच्या मागं, हिला मात्र विमानच उडवायचंय!

कमर्शियल लायसनला २०० तास उड्डाण लागतं, खर्च अर्ध्या कोटीच्या घरात; एअरबस ३२०चं टाइप रेटिंग (ते ठरावीक विमान उडवायचं खास प्रशिक्षण नि परवानगी) वेगळंच. भाऊ औशाकडची कोरडवाहू जमीन विकायला निघालाय. मी म्हटलं, आधी डीजीसीएचं (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं) क्लास २, मग क्लास १ मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी, होऊ दे.

शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण चालते का, की घरच लागतं? रायबरेलीजवळच्या सरकारी उड्डाण अकादमीची प्रवेश परीक्षा कुणाच्या मुलांनी दिलीय का? आणि लायसननंतर नोकरी लागेपर्यंत हप्ते कसे भरले, तेही मोकळेपणानं सांगा.