ब्लड मून आणि अर्बोर्ग एकत्र आले तर लँड्स कुठल्या?

दलदल्या

मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रविवारी मावसभावाकडे मॉडर्न (या खेळाचा एक प्रकार) खेळत होतो. माझा डेक (पत्त्यांचा गठ्ठा) काळा-हिरवा, तो जन्माचा लाल. तिसऱ्या टर्नला त्याने ब्लड मून टाकला. त्या कार्डावर एकच ओळ आहे: नॉनबेसिक लँड्स माउंटन आहेत. (लँड म्हणजे माना, म्हणजे कार्डं टाकायची शक्ती, देणारं कार्ड: स्वॅम्प काळा माना देते, माउंटन लाल, फॉरेस्ट हिरवा. साध्या म्हणजे बेसिक सोडून बाकी सगळ्या नॉनबेसिक.) माझ्यासमोर तेव्हा एक साधी स्वॅम्प, एक ओव्हरग्रोन टूम (काळा किंवा हिरवा देणारी) आणि एक न फोडलेली मार्श फ्लॅट्स (फेच लँड, फोडली की डेकमधून दुसरी लँड आणते). माझ्या टर्नला मी अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ खाली ठेवलं. ते म्हणतं, प्रत्येक लँड तिच्या बाकीच्या प्रकारांसोबत स्वॅम्पही आहे. हातात डॅम्नेशन होतं. दोन काळे माना आणि वर कुठलेही दोन, की समोरचं गॉब्लिन गाइड, स्विफ्टस्पिअर, सगळी क्रीचर्स (लढणारी कार्डं) साफ.

माझं म्हणणं: ब्लड मूनने आधी सगळ्यांना माउंटन केलं, नंतर आलेल्या अर्बोर्गने त्यावर स्वॅम्प चढवली, म्हणजे आता काळा माना कुठूनही निघतो. त्याचं म्हणणं: ब्लड मून आधी आला, आधी आलेल्याचं चालणार. दोघांनीही मोबाइलवर अर्धेमुर्धे स्क्रीनशॉट शोधले, कोणाचंच समाधान झालं नाही. शेवटी नाणं उडवलं आणि तो जिंकला. हे काही खरं नाही.

दुसरा वाद पुढच्या डावातला. माझा टार्मोगॉइफ हा क्रीचर होता २/३, म्हणजे पॉवर दोन, टफनेस तीन: ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) जितके कार्डांचे प्रकार तितकी त्याची पॉवर, टफनेस त्याहून एक जास्त, आणि दोघांच्या ग्रेव्हयार्ड मिळून फक्त लँड आणि क्रीचर पडलेले. त्याने लाइटनिंग बोल्ट मारला, तीन डॅमेज, आणि गॉइफ उचलून माझ्या ग्रेव्हयार्डमध्ये ठेवायला लागला. मी म्हटलं, थांब, बोल्ट स्वतः इन्स्टंट प्रकारचं कार्ड आहे, तोही ग्रेव्हयार्डमध्ये जाणारच ना? इथेही तोच जिंकला, पण यावेळी आवाजाच्या जोरावर.

आळशी गॉब्लिन

पहिल्यात भाऊ बरोबर, दुसऱ्यात तुम्ही. कारणं सांगायला ठाणेकर येतीलच.

निवृत्त जज, ठाणे

आलो. बँकेत मार्च एंड चालू आहे, तरी हा प्रश्न सोडवत नाही.

निकाल आधी. ब्लड मून असताना तुमचं अर्बोर्ग ही नुसती एक माउंटन आहे. तिच्यातून लाल माना निघेल, बाकी लँड्सना ती काहीही करणार नाही. डॅम्नेशन बसत नाही. मावसभावाचं उत्तर बरोबर आहे आणि कारण सपशेल चूक आहे. ‘आधी आलेल्याचं चालतं’ असा नियम या खेळात कुठेही नाही. अर्बोर्ग पहिल्या टर्नपासून मांडी ठोकून बसलं असतं आणि ब्लड मून नंतर आला असता, तरी हेच झालं असतं.

मी जजिंग करायचो तेव्हा टेबलावर भांडणाऱ्या दोघांना पहिल्यांदा ‘कोण आधी आलं’ हे बोलायची बंदी घालायचो. मग एकेका कार्डावर बोट ठेवायला लावून विचारायचो: हे कार्ड नेमकं काय बदलतं? ताबा बदलतं, प्रकार बदलतं, रंग, अॅबिलिटी, की पॉवर-टफनेस? कारण सततचे परिणाम लावायचा क्रम नियम ६१३ मध्ये ठरवून दिलेला आहे, त्यालाच सगळे लेयर्स म्हणतात. पहिल्यात कॉपी, दुसऱ्यात ताबा, तिसऱ्यात मजकुरातले बदल, चौथ्यात प्रकार, पाचव्यात रंग, सहाव्यात अॅबिलिटी येणं-जाणं, सातव्यात पॉवर-टफनेस. कार्ड टेबलावर कधी आलं याला इथपर्यंत काडीचं महत्त्व नाही.

आता तुमची दोन्ही कार्डं प्रकार बदलतात, म्हणजे दोन्ही चौथ्या लेयरमध्ये. एकाच लेयरमध्ये दोन परिणाम आले की एरवी टाइमस्टॅम्प बघतात, जुना आधी लावायचा, नवा नंतर. तुम्ही जे गणित मांडलंत ते हेच, आणि इतपत ते ठीकच आहे. पण टाइमस्टॅम्पच्या आधी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे डिपेन्डन्सी. एक परिणाम आधी लावल्यामुळे दुसऱ्याचं अस्तित्वच बदलत असेल, किंवा तो कशाला लागतो, काय करतो हे बदलत असेल, तर दुसरा पहिल्यावर अवलंबून आहे आणि त्याने थांबायचं. मग टाइमस्टॅम्प काहीही असो.

दोन्ही बाजूंनी विचारून बघा. अर्बोर्ग आधी लावलं तर ब्लड मूनचं काही बदलतं का? नाही. ओव्हरग्रोन टूम स्वॅम्प झाली म्हणून ती बेसिक होत नाही (बेसिक हा वेगळा शिक्का आहे, तो अर्बोर्ग देत नाही), त्यामुळे ब्लड मूनला जेवढ्या लँड्स धरायच्या होत्या तेवढ्याच उरतात. आता उलट. ब्लड मून आधी लावला तर? अर्बोर्ग स्वतः नॉनबेसिक आहे, ते माउंटन होतं. नियम ३०५.७ सांगतो की एखाद्या परिणामाने लँडचा प्रकार बेसिक लँडचा करून टाकला, की तिचे जुने लँडचे प्रकार आणि छापील मजकुरातून आलेल्या सगळ्या अॅबिलिटी जातात, हाती फक्त नव्या प्रकाराचा माना राहतो. म्हणजे ‘प्रत्येक लँड स्वॅम्पही आहे’ ही ओळच अर्बोर्गवरून पुसली गेली. अर्बोर्ग ब्लड मूनवर अवलंबून आहे, ब्लड मून अर्बोर्गवर नाही. ब्लड मून आधी लागतो आणि अर्बोर्गची पाळी येते तेव्हा लावायला काही शिल्लकच नसतं.

अर्बोर्ग स्वतः मात्र ‘सोबत’ म्हणतं, म्हणून ते कोणाचं काही काढून घेत नाही. ब्लड मून नसताना तुमची मार्श फ्लॅट्स अर्बोर्गमुळे काळा माना देते आणि फोडताही येते, ती याच कारणाने. आणि हो, माउंटन झालं तरी अर्बोर्गचं नाव आणि लेजेंडरी असणं (एका नावाचं एकच ठेवता येणं) जात नाही. दुसरं अर्बोर्ग टाकाल तर एक ग्रेव्हयार्डमध्ये जाणारच.

पण खरं सांगू का, हा डाव अर्बोर्गपाशी गेलाच नाही, तो एक टर्न आधी गेला. ब्लड मून एन्चांटमेंट आहे, तो आधी स्टॅकवर, म्हणजे लागू व्हायच्या रांगेत, येतो. त्याने कार्ड टाकलं आणि तुमच्याकडे बघितलं, तो क्षण तुमचा होता. एक लाइफ देऊन मार्श फ्लॅट्स तेव्हाच फोडायची आणि डेकमधली साधी स्वॅम्प आणायची. पुढच्या टर्नला तुमच्याकडे दोन बेसिक स्वॅम्प, माउंटन झालेली टूम आणि माउंटन झालेलं अर्बोर्ग: दोन काळे, दोन लाल. डॅम्नेशन चोख बसतं, नियमांचं पुस्तक न उघडता. लाल डेकसमोर तिसऱ्या टर्नला त्याच्या तीन लँड्स मोकळ्या दिसल्या की माझा हात आपोआप फेच लँडकडे जातो.

गॉइफचं थोडक्यात. तुम्ही बरोबर. बोल्ट रिझॉल्व्ह होताना, म्हणजे लागू होताना, आधी तीन डॅमेज देतो आणि शेवटची पायरी म्हणून ग्रेव्हयार्डमध्ये जातो. क्रीचर मेलं का हे खेळ या दोन्हींच्या मध्ये तपासत नाही. ते स्टेट-बेस्ड अॅक्शन्समध्ये बघितलं जातं, म्हणजे रिझॉल्व्ह पूर्ण संपून कोणाला तरी प्रायॉरिटी (चाल करायची संधी) मिळणार असते तेव्हा. तोवर ग्रेव्हयार्डमध्ये लँड, क्रीचर, इन्स्टंट असे तीन प्रकार, गॉइफ ३/४, अंगावर डॅमेज तीन. जगला. कोणाच्याही ग्रेव्हयार्डमध्ये एखादं इन्स्टंट आधीच पडलेलं असतं तर मात्र बोल्टने नवा प्रकार वाढला नसता, आणि गॉइफ गेला असता.

एक धोका सांगून ठेवतो. ते तीन डॅमेज टर्न संपेपर्यंत त्याच्या अंगावरच असतात. त्याच टर्नमध्ये कोणी रेलिक ऑफ प्रोजेनिटस हे कार्ड फोडून सगळ्या ग्रेव्हयार्ड रिकाम्या केल्या, तर गॉइफ ०/१ होईल आणि मघाचे तीन डॅमेज त्याला मारतील. बोल्टमधून वाचला म्हणून हुरळून जाऊ नका.

घरचा नियम

एवढं डोकं कशाला चालवायचं? आम्ही सरळ ठरवलंय, जे कार्ड शेवटी आलं त्याचं खरं. चार मित्र, चहा, वाद नाही. खेळायला बसतो की वकिली करायला?

निवृत्त जज, ठाणे

घरी बिनधास्त खेळा, तुमच्या दारात कोणी जज येत नाही. फक्त त्या नियमावर पैसे घालून डेक बांधू नका, दुकानातल्या स्पर्धेत गेलात की पहिल्याच फेरीत पंचाईत होईल.

आणि तुमचा नियम कधीकधी बरोबर निघतो, हीच त्यातली गोची आहे. समजा ओव्हरग्रोन टूमवर स्प्रेडिंग सीज लावलंय, जे म्हणतं ही लँड आयलंड आहे, आणि टेबलावर ब्लड मूनही आहे. दोघंही जुना प्रकार काढून आपला लावतात. यात कोणी कोणावर अवलंबून नाही: आयलंड झाल्याने टूम बेसिक होत नाही, आणि माउंटन झाल्याने सीज उखडून पडत नाही. डिपेन्डन्सी नाही म्हटल्यावर टाइमस्टॅम्प, आणि खरोखरच शेवटी आलेला जिंकतो. सीज नंतर आलं तर आयलंड, ब्लड मून नंतर आला तर माउंटन.

पण पुढचं घ्या. २००७ च्या फ्युचर साइटमधलं मेगस ऑफ द मून हे क्रीचर आहे, आणि त्याच्यावर ब्लड मूनचीच ओळ आहे. कोणी तरी ड्रेस डाउन टाकतो: सगळ्या क्रीचर्सच्या सगळ्या अॅबिलिटी जातात. ड्रेस डाउन शेवटी आलं, म्हणजे तुमच्या नियमाने लँड्स मोकळ्या व्हायला हव्यात. होत नाहीत! मेगसचा परिणाम चौथ्या लेयरमध्ये लागून मोकळा झालेला असतो, ड्रेस डाउन येतं सहाव्यात. मेगसकडे बघाल तर त्याच्या अंगावर एकही अॅबिलिटी नाही, आणि तुमच्या लँड्स तरीही माउंटन. आणि डिपेन्डन्सी फक्त एकाच लेयरमधल्या परिणामांत बघतात, त्यामुळे तीही सुटका इथे नाही. मेगसला मारायचं असेल तर मारा, तो २/२ आहे, त्याला गप्प करून उपयोग नाही.

मला हे कार्ड मनापासून आवडत नाही, ते सोडा.

आळशी गॉब्लिन

ह्युमिलिटी आणि ओपलेसन्स कोणी काढायच्या आत धागा बंद करा रे.

निवृत्त जज, ठाणे

ते उलट सोपं आहे. ह्युमिलिटी सगळ्या क्रीचर्सच्या अॅबिलिटी काढून त्यांना १/१ करते, आणि ओपलेसन्स बाकी एन्चांटमेंट्सना क्रीचर करतं, पॉवर-टफनेस त्यांच्या माना-किमतीइतकी, ह्युमिलिटीची चार. एकच ह्युमिलिटी आणि एकच ओपलेसन्स असेल तर ह्युमिलिटी चौथ्या लेयरमध्ये क्रीचर होते, सहाव्यात स्वतःचीच अॅबिलिटी घालवून बसते, आणि तरी तिचा परिणाम चालू राहतो, कारण एकदा लागायला लागलेला परिणाम मध्येच सोडत नाहीत. मग सातव्यात फक्त टाइमस्टॅम्प: ओपलेसन्स नंतर आलं तर ह्युमिलिटी ४/४, ह्युमिलिटी नंतर आली तर १/१. दोन ह्युमिलिटी आल्या तर मी जेवायला गेलो समजा.

दलदल्या

ठाणेकर, दंडवत. भावाला लिंक पाठवली. त्याचा मेसेज: ‘म्हणजे मीच बरोबर होतो.’ गॉइफबद्दल अवाक्षर नाही.

स्टॅकवर असताना फेच फोडायचं लक्षात ठेवतो. डेकमध्ये बेसिक म्हणाल तर दोन स्वॅम्प आहेत आणि फॉरेस्ट एकही नाही. ब्लड मून घालवायला अॅब्रप्ट डिके आणि असॅसिन्स ट्रॉफी ठेवल्यात, त्या पुरतील ना?

निवृत्त जज, ठाणे

दोन्हींना एक काळा आणि एक हिरवा लागतो. ब्लड मून पडल्यावर हिरवा कुठून आणणार, टूम तर माउंटन झालेली? दोन्ही कार्डं हातात धरून बघत बसाल. एखादं अर्बोर्ग काढा, एक साधी फॉरेस्ट घाला, आणि फेच लँड्समध्ये व्हर्डंट कॅटाकूम्ब्स असू द्या. ती स्वॅम्पही आणते आणि फॉरेस्टही, मार्श फ्लॅट्सला फॉरेस्ट मिळत नाही. भाऊ जन्माचा लाल असेल तर पहिली कॅटाकूम्ब्स त्या फॉरेस्टसाठीच फोडायची, टूमसाठी नाही.