"बाई, मी तर जाणारच हाय": मास्तरकीचे पहिले दिवस, तुमचे अनुभव सांगा

काल रात्री साडेदहाला भाचीचा फोन. नुकतीच जिल्हा परिषदेत शिक्षणसेवक म्हणून लागलीय, घरापासून लांब, आणि फोनवर नुसती मुसमुसत होती. मावशी, पोरं ऐकतच नाहीत गं, मी फळ्याकडे वळले की मागे बाजार भरतो. मी तिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या आणि फोन ठेवल्यावर मलाच हसू आलं. माझं काय वेगळं झालं होतं?

ऑगस्ट २०१९. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून नंबर लागला, मी पुणे जिल्ह्यातली आणि शाळा बीड जिल्ह्यात, द्विशिक्षकी, मानधन ६,००० (भाचीला १६,००० मिळतात, ती म्हणते त्यात काय होतं, मी गप्प बसले). तिसरी-चौथी एकाच खोलीत. डीएडला पाठ घ्यायचो तेव्हा पोरं हाताची घडी घालून बसायची, ती मागे मॅडम वही घेऊन बसलेल्या असायच्या म्हणून, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात "गप्प बसा" इतक्यांदा ओरडले की शुक्रवारी आवाज फुटेना.

चौथीत एक होता. जेसीबी रिव्हर्स येताना वाजतो ना, टीं टीं टीं, तो आवाज तोंड मिटून काढायचा. मी भागाकार मांडला की टीं टीं. वही नाही पेन्सिल नाही, लिही म्हटलं की "बाई, मी तर जाणारच हाय." कुठे जाणार ते मला कळेना. हेडसर म्हणाले दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला, मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, हाही सोबत, धाकट्या बहिणीला सांभाळायला. हंगामी वसतिगृहाचं (नावालाच वसतिगृह, जेवण शाळेत, झोपायचं गावातच कुणाकडे तरी) सांगायला त्याच्या घरी गेले तर आई म्हणाली, रातच्याला कुनापाशी ठिवू बाई, म्हातारं मानूस न्हाई घरात. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक दिवस वैतागून म्हटलं, काढायचाच आवाज तर पाढ्यात काढ. सात एके सात, टीं. सात दुणे चौदा, टीं. अख्खा वर्ग खिदळत पाढे म्हणायला लागला आणि नेमके तेव्हाच केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळा तपासणारे साहेब) दारात. :)

दिवाळीनंतर तो गेला. उन्हाळ्यात येतो म्हणाला, आणि मार्चमध्ये शाळाच बंद झाल्या.

तुमचं सांगा. भाचीला लिंक पाठवणार आहे, त्यामुळे फार घाबरवू नका.

खडूचीधूळ: केंद्रप्रमुख काय म्हणाले ते सांगा आधी!!

धागाकर्ती: शेरेबुकात "वर्गात हालचाल आहे" असं लिहून गेले. शाबासकी होती का टोमणा, आजवर कळलेलं नाही.

मागचा_बाक: इंजिनिअरिंगला शिकवतो. तुमची पोरं निदान आवाज तरी काढतात, माझी सत्तर डोकी मोबाइलमध्ये. एकच प्रश्न येतो, "सर, हे परीक्षेला येतं का?" नाही म्हटलं की पेन खाली. पहिल्या वर्षी मनाला लावून घ्यायचो, आता प्रत्येक टॉपिकला हो म्हणतो.

निवृत्त_गुरुजी: आम्ही १९८४ ला लागलो तेव्हा मोटिव्हेशन वगैरे नव्हते, निर्गुडीचा फोक होता. पालकच सांगायचे गुरुजी बिनधास्त हाणा. एकाला खराब अक्षराबद्दल फार बडवला होता, प्रत्येक शब्द दहा दहा वेळा लिहून घ्यायचो. तो आता आमच्याच गावच्या बँकेत आहे. मागच्या महिन्यात पैसे काढायला गेलो तर स्लिप परत केली. सर सही जुळत नाही, म्हातारपणी अक्षर बिघडलं तुमचं. आणि कोरा कागद पुढे केला. म्हणाला दहा वेळा काढा.

खडूचीधूळ: 😂😂 गुरुजी, काढलीत का?

निवृत्त_गुरुजी: चार काढल्या. मग त्याने चहा मागवला.

सईची_आई: किस्सा मस्त पण गुरुजी, बरं झालं तो फोक गेला. आरटीई (शिक्षण हक्क कायदा) २००९, कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे. मी तिसरीत एकदा पट्टी खाल्ली होती तीही शेजारणीच्या चुकीसाठी, आज चाळिशीत आहे पण गणित म्हटलं की तळहात आपोआप मिटतो.

निवृत्त_गुरुजी: मान्य आहे ताई. तो फोक मला तरी कुठे विसरता येतो.

मेळघाटवाला: माझी पहिली शाळा धारणीकडे. पहिलीची पोरं न विचारता उठून बाहेर जायची, एक गेला की मागून दुसरा. मी म्हणायचो काय ही शिस्त, चक्क दार लावून घ्यायला लागलो, आणि एका पोरीची वर्गातच झाली. मदतनीस ताई खिचडी वाढता वाढता म्हणाल्या, सर त्यांना मराठीत विचारताच येत नाही. पोरं कोरकू बोलणारी, मी अमरावतीचा, मला तो एक शब्द येत नव्हता आणि त्यांना माझे सगळेच. त्या रात्री ताईंकडून तीन शब्द वहीत लिहून घेतले, पाणी, भूक, शू. दुसऱ्या दिवशी मी ते बोललो तर माझ्या उच्चाराला पाच मिनिटं हसत होती पोरं. हसू दिलं.

सईची_आई: अरे देवा. ती पोरगी नंतर यायची ना शाळेत?

मेळघाटवाला: आठवडाभर नाही आली. मग ताईंचा हात धरून आली.

रविवारची_बाई: न्यू जर्सीहून. इथे रविवारी मराठी शाळेत शिकवते, पोरांना आईबापाने झोपेतून ओढून आणलेलं असतं. सकाळी दहाला एकजण डोकं बाकावर टाकून म्हणतो "मावशी, मी डन आहे". ळ चा तर सत्यानाश, बाल आणि बाळ एकच. मग एकाने विचारलं, मराठीत वाईट शब्द कुठले? मी म्हटलं शिकवते पण फळ्यावरून उतरवून घ्यायचे. मेल्या, टोणग्या, नतद्रष्टा, वेंधळट, बावळट. वेंधळट आणि बावळटमुळे अख्ख्या वर्गाचा ळ सुटला!! त्याच संध्याकाळी एका बाबांचा फोन, मुलगा मला नतद्रष्टा म्हणतोय. मी विचारलं, उच्चार बरोबर होता का?

मागचा_बाक: उद्यापासून आमच्याकडे हाच सिलॅबस.

कोथिंबीर: मी शिक्षिका नाही पण घशाचं वाचलं म्हणून लिहिते, ज्येष्ठमधाची काडी तोंडात ठेवायची आणि गार पाणी बंद. माझ्या सासूबाईंनी तीस वर्षं शिकवलं त्याच्यावर. कुकर झाला, नंतर येते.

खडूचीधूळ: पावडर नको हं, काडीच घ्या, पावडरने मला ठसका लागतो. आणि भाचीला सांगा, आवाज चढवला की वर्ग आणखी चढवतो. मी कंटाळून एकदा अगदी हळू बोलायला लागले तर पुढची पोरं मागच्यांना गप्प करायला लागली, काय म्हणतायत बाई म्हणून. रोज चालत नाही, पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नाही.

सईची_आई: @धागाकर्ती, तो जेसीबीवाला परत भेटला का?

धागाकर्ती: एकदा. डिसेंबर २०२१ ला आमची शाळा पुन्हा उघडली तोवर तो वयाने सहावीत गेलेला, आमच्याकडे चौथीपर्यंतच. त्याच्या पुढच्या हंगामात मी स्टँडवर उभी होते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, बाजली, कोंबड्या आणि त्यावर हा बसलेला, मिसरूड फुटलेली. मी ओळखलं नाही. ट्रॉली पुढे गेल्यावर ऐकू आलं, टीं टीं टीं.

मेळघाटवाला: 🙏

धागाकर्ती: आत्ताच भाचीचा मेसेज आला. तिने आज पाढ्यात टीं करून बघितलं. पोरं म्हणाली, मॅडम, असा नसतो जेसीबी, थांबा आम्ही काढतो.

कोथिंबीर: आले. काडी चघळून फेकायची हं, गिळू नका, आणि बीपी असेल तर ज्येष्ठमध नको, सासूबाईंना डॉक्टरांनी बंद केलंय.