आशाताई कंबर का मोजतात?

काल वस्तीत आशाताई आल्या, आईची कंबर टेपने मोजली, मिश्री (दाताला घासायची तंबाखूची पूड) लावता का विचारलं आणि म्हणाल्या ६ मार्क झाले, उपकेंद्रात शुगर-बीपी बघायला या. तिला काहीच त्रास नाही, मग कशाला?

> तो सीबॅक (CBAC) फॉर्म, शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका कुणाला ते बघायचा, ३० वर्षांच्या वरच्या सगळ्यांचा भरतात. वय, तंबाखू, दारू, कंबर, चालणं-फिरणं, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, याचे मार्क. ४ च्या वर गेले की तपासणीला आधी बोलावतात. बायकांची कंबर ८० सेंमीच्या वर गेली की मार्क लागलाच. आणि त्रास नाही म्हणूनच तर जायचं, बीपी वाढलेलं कळत नाही हो!

> आमच्या चाळीत मराठी, यूपीवाले, तेलुगू सगळेच, तेलुगू काकूंना मिश्री म्हणजे काय ते कळेना, शेवटी ताईंनी दातावर बोट घासून दाखवलं तेव्हा सगळ्या हसल्या न् मग खरं सांगायला लागल्या.

> फॉर्म ठीकेय, पण आमच्याकडे तपासणी झाली आणि बीपीच्या गोळ्याच संपलेल्या, दोन चकरा फुकट. आधी विचारून जा.

बरं, आई ५२ ची, कंबर ८४, मिश्री रोज. म्हणजे वयाचे ३, कंबरेचा १, मिश्रीचे २, ६ बरोबर आहेत की! सोमवारी नेतो. मिश्रीचं मात्र तुम्हीच सांगा तिला, माझं ऐकत नाही.